'चॅलेंजर' जहाजावरील दिनचर्या

समुद्रावरचा इतिहास म्हटला म्हणजे आपणांस बहुधा आरमारी लढाया आठवतात, किंवा नव्या भूमीच्या शोधांत निघालेले धाडसी दर्यावर्दी आठवतात. आज ज्या जहाजाची हकीकत मी सांगणार आहें, तें बांधलें होतें लढाईसाठींच. परंतु त्याची कीर्ति तोफांमुळें झाली नाहीं, तोफा उतरविल्यामुळें झाली. नवा खंडही त्यानें शोधला नाहीं. जवळजवळ साडेतीन वर्षें तें जगाच्या महासागरांतून फिरलें आणि ठिकठिकाणीं थांबून एकच काम करीत राहिलें. दोर खालीं सोडावयाचा आणि तो वर ओढावयाचा! या दोर ओढण्यांतून समुद्राचें शास्त्र उभें राहिलें आणि तें पुढें पन्नास खंडांत ग्रथित झालें. त्या खंडांवर विद्वानांचीं नांवें आहेत, आणि तीं योग्यच आहेत. पण दोर ज्यांनीं ओढला त्यांचे दिवस कसे गेले, आणि त्या कंटाळवाण्या श्रमाचें पुढें काय झालें, हें सांगण्याचा आज विचार आहे.

प्रथम मोहिमेचें कारण सांगतों. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खोल समुद्राविषयीं विद्वानांचें ज्ञान अगदीं तुटपुंजें होतें. एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश शास्त्रज्ञानें असें प्रतिपादिलें होतें कीं, तीनशें फॅदमांच्या खालीं जीवसृष्टि नसावी. फॅदम म्हणजे आपल्या कोंकणांतील कोळी ज्याला वांव म्हणतात तें माप. दोन्ही हात पसरून धरलेल्या दोराची लांबी, सुमारे सहा फूट. पुढें अटलांटिक महासागराच्या तळावरून तारायंत्राचा दोर टाकण्यांत आला, आणि तळ कसा आहे, तेथें थंडी किती, गाळ कोणता, हे प्रश्न व्यवहाराचेही होऊन बसले. १८६९ सालीं वायव्हिल टॉम्सन या प्राध्यापकांनीं दोन हजार वांवांहून अधिक खोलीवरून जिवंत प्राणी वर आणून दाखविले. तेव्हां रॉयल सोसायटीनें ब्रिटिश सरकारकडे मागणी केली कीं, एक जहाज देऊन सर्व महासागर पद्धतशीर तपासावे. आरमारानें 'चॅलेंजर' दिलें.

हें जहाज १८५८ सालीं पाण्यांत लोटलेलें, लांकडी, सुमारें दोनशें फूट लांबीचें, शिडांचें आणि जोडीला वाफेच्या यंत्राचें असें होतें. त्याच्या सतरा तोफांपैकीं दोन ठेवून बाकीच्या काढल्या, आणि त्या जागीं प्राण्यांच्या अभ्यासाची खोली, रसायनशाळा, छायाचित्रें धुण्याची अंधारी खोली व बाटल्या ठेवण्याची कोठारें केलीं. कप्तान होते जॉर्ज नेअर्स. विद्वानांच्या तुकडीचे प्रमुख वायव्हिल टॉम्सन. त्यांच्या हाताखालीं जॉन मरे, हेन्री मोझली आणि रुडॉल्फ फॉन विलेमोस-झूम हे तिघे सृष्टिशास्त्रज्ञ, बुकॅनन हे रसायनशास्त्रज्ञ, आणि चित्रें काढण्यास व लिहिण्याकामीं वाइल्ड. म्हणजे विद्वान सहा. आणि अधिकारी, खलाशी, सुतार, कोळसेवाले, पोरगेलीं मुलें मिळून जहाजावरील एकंदर माणसें सुमारें दोनशें चाळीस! २१ डिसेंबर १८७२ रोजीं पोर्ट्स्मथ बंदरांतून जहाज निघालें. २४ मे १८७६ रोजीं तें इंग्लंडच्या किनाऱ्यास परत लागलें. एवढ्या काळांत त्यानें ६८,८९० सागरी मैल कापले, ७१३ दिवस प्रत्यक्ष समुद्रावर काढले आणि ३६२ ठिकाणीं थांबून तपासणी केली. या ठिकाणांस आपण ठाणीं म्हणूं.

आतां ठाण्यावरचा एक दिवस पाहूं. उजाडतां उजाडतां शिडें गुंडाळावयाचीं. जहाज वाऱ्याबरोबर वाहवलें तर दोर तिरपा होतो, आणि तिरप्या दोराची मोजणी खोटी ठरते. म्हणून खालीं भट्ट्या पेटवून, वाफ करून, तोंड वाऱ्याकडे धरून जहाज एकाच जागीं थोपवून धरावयाचें. मग मोजणीचा दोर सुटे. हा दोर इटलींतील वाखाचा, करंगळीहूनही बारीक, पण चिवट. असा वाखाचा दोर जहाजावर एकंदर १८१ मैल भरेल इतका घेतलेला होता. ठराविक वांवांवर त्यास रंगीत लोकरीच्या खुणा बांधलेल्या असत. टोंकास एक पोकळ नळी आणि तिच्याभोंवतीं जड लोखंडी वजनें. एक अधिकारी घड्याळ घेऊन उभा राही आणि दर शंभर वांव दोर जावयास किती वेळ लागला हें टिपून घेई. तो वेळ एकाएकीं वाढला कीं तळ लागला असें समजावयाचें. तळ लागतांच वजनें आपोआप सुटून तेथेंच रहात, आणि नळी मात्र पोटांत चिमूटभर गाळ घेऊन वर येई. दोन-अडीच हजार वांव खोलीवर नुसता दोर पोंचण्यासच अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागे; ओढून घेण्यास त्याच्या कितीतरी पट.

त्यानंतर उष्णतामापकें ठराविक अंतरांनीं दोरास बांधून पुन्हां खालीं सोडावयाचीं, म्हणजे कोणत्या थरांत किती थंडी आहे तें समजे. मग मधल्या थरांतील पाणी बाटल्यांत भरून आणावयाचें. आणि शेवटीं सर्वांत जड काम, तळ खरवडण्याचें. लोखंडी चौकट लावलेली जाळ्याची पिशवी कित्येक मैल दोर सोडून तळावर उतरवावयाची, कांहीं वेळ हळूहळू फरफटत न्यावयाची आणि मग वर घ्यावयाची. जहाजानें एखादा मोठा हेलकावा खाल्ला तर हा ताणलेला दोर तटकन तुटे. म्हणून तो ज्या कप्पींतून जाई ती कप्पी रबराच्या पट्ट्यांच्या जुडग्यास टांगलेली असे. हेलकावा आला कीं पट्ट्या ताणल्या जात आणि झटका त्यांच्यांत जिरे. ओढण्यासाठीं वाफेचें लहानसें यंत्र होतें खरें. परंतु दोर यंत्रावर चढविणें, ओला जड दोर उतरवून घेऊन पुन्हां नीट रचून ठेवणें, हें सर्व हातांनींच करावें लागे. सकाळीं सोडलेलें जाळें वर येईपर्यंत दिवस कलूं लागलेला असे.

इंग्रजींत तळ खरवडण्याच्या कामास 'ड्रेजिंग' म्हणतात. खलाशी त्याचा उच्चार मुद्दाम 'ड्रजिंग' असा करीत. म्हणजे नुसती हमाली, राबणूक. या शाब्दिक कोटींत त्यांचें सर्व मत आलें.

मोझली यांनीं या गोष्टीचें मोठें मनमोकळें वर्णन केलें आहे. पहिलीं पहिलीं जाळीं वर आलीं तेव्हां काम टाकून जो तो तेथें धांवे. समुद्राच्या पोटांतून काय अद्भुत निघतें हें पाहण्यास पोरांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांची दाटी होई. परंतु थोड्याच महिन्यांत कळून आलें कीं, जगाच्या पाठीवर कोठेंही जा, त्या खोलीवर बहुधा त्याच जातीचे प्राणी आणि तोच करडा किंवा तांबूस गाळ! मग गर्दी ओसरत गेली, आणि जेवणाच्या वेळीं जाळें आलें तर विद्वानांपैकींही कांहीं जण ताटावरून उठत नसत. जहाजावर एक पोपट होता. दोन हजार वांव, आणि तळ नाहीं, अशा अर्थाचें वाक्य तो म्हणावयास शिकला होता. दिवसभर हेंच कानीं पडत असल्यावर बिचाऱ्यानें दुसरें काय शिकावें?

खालच्या मजल्यावरील लोकांचें मन आपणांस कळतें तें मुख्यतः एका मुलामुळें. जोसेफ मॅटकिन हा इंग्लंडांतील एका लहान गांवचा, निघतांना अवघ्या एकोणीस वर्षांचा. कोठारांतून शिधा वाटणाऱ्याचा मदतनीस. त्यानें घरीं लिहिलेलीं पत्रें जपून राहिलीं आणि १९९२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. अधिकाऱ्यांनीं आणि विद्वानांनीं या सफरीवर पुष्कळ पुस्तकें लिहिलीं. पण ज्यांनीं खारवलेलें मांस आणि कडक बिस्किटें खाऊन, झोळींत निजून हा प्रवास केला, त्यांच्यांतील एकानें सविस्तर लिहिलेला असा वृत्तांत हाच. मॅटकिन हुशार होता, आणि काय चाललें आहे हें जाणून घेण्याची त्यास फार इच्छा होती. वरच्या मजल्यावर जें ठरे तें खालीं तुकड्यातुकड्यांनींच कळत असल्यामुळें, कानावर आलेलें जोडून जोडून तो आईस आणि आप्तांस लिहून पाठवी.

मार्च १८७३ मध्यें वेस्ट इंडीज बेटांजवळ जाळें तळाशीं कोठेंतरी अडकलें. दोरावर भयंकर ताण बसून एक लोखंडी कप्पी निसटली आणि ती विल्यम स्टोक्स नांवाच्या एका पोरसवदा खलाशास लागली. त्यांत तो मरण पावला. समुद्रावरील रीतीप्रमाणें त्याचा देह पायाशीं वजन बांधून पाण्यांत सोडला. त्यानंतर खलाशी मोझली यांस विचारूं लागले कीं, आमचा गडी अगदीं तळापर्यंत गेला असेल, कीं मध्येंच कोठें आपल्या वजनाच्या मानानें अधांतरीं तरंगत राहिला असेल?

श्रोतेहो, माझें आयुष्य मुलांचे प्रश्न ऐकण्यांत गेलें. पण याहून सरळ शास्त्रीय प्रश्न क्वचितच कोणीं विचारला असेल. खोल गेल्यावर पाणी दाबानें दाट होतें, इतकें दाट होतें कीं बुडती वस्तु मध्येंच थांबते, अशी समजूत तेव्हां दर्यावर्द्यांत रूढ होती. ती खरी नाहीं. पाणी फारच थोडें दाबलें जातें. म्हणून पृष्ठभागावर जें बुडालें तें बहुधा तळापर्यंतच जातें. रोज दोर ओढणाऱ्या माणसांना हें कोणीं समजावून दिलेलें नव्हतें. तरी सोबत्याच्या मृत्यूनें त्यांच्या मनांत नेमका तोच प्रश्न उभा केला, ज्याच्या उत्तरावर त्यांचें सगळें मोजमाप आधारलेलें होतें. या लोकांना शास्त्राची गोडी नव्हती असें मग कसें म्हणावें? गोडी होती, सांगणारा नव्हता.

वास्तविक जहाजावर एक शिक्षक नेमलेला होता. ब्रिटिश आरमारांत पोरांना लिहिणें-वाचणें व हिशेब शिकविण्यासाठीं असा शिक्षक ठेवीत. 'चॅलेंजर'वरील शिक्षकाचें नांव अ‍ॅडम एबल्स. स्टोक्सच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनीं, एप्रिल १८७३ मध्यें, जहाज बर्म्युडा बेटांशीं पोंचण्याच्या सुमारास ते एकाएकीं वारले. एका पंधरवड्याच्या आंत जहाजानें एक विद्यार्थ्याच्या वयाचा मुलगा आणि मुलांचा शिक्षक गमावला.

मोहीम पुढें चाललीच. अटलांटिक महासागर आडवा-उभा ओलांडून जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास गेलें. तेथून हिंदी महासागराच्या अगदीं दक्षिण कडेनें, बर्फाच्या टापूंत शिरलें. १६ फेब्रुवारी १८७४ रोजीं त्यानें दक्षिण ध्रुववृत्त ओलांडलें. वाफेच्या जहाजानें तें वृत्त ओलांडल्याचा हा पहिलाच प्रसंग. त्याच महिन्यांत वादळांत एका हिमनगावर आदळून जहाजाच्या तोंडाशीं असलेला लांब वासा मोडला. गोठलेल्या दोरांनीं हात फुटत. आणि कांहीं महिन्यांनीं तींच माणसें विषुववृत्तावरच्या उन्हांत तोच दोर ओढीत असत. बंदरांत उतरल्यावर आफ्रिकेंत हिऱ्यांच्या आणि ऑस्ट्रेलियांत सोन्याच्या खाणींचा मोह समोर उभा राही. अनेक जण परत जहाजावर आलेच नाहींत. कांहीं आजारी पडून घरीं पाठविले गेले, कांहींची बदली झाली, कांहीं वारले. विद्वानांपैकीं सर्वांत तरुण विलेमोस-झूम यांस वयाची अठ्ठावीस वर्षें पुरीं होतात न होतात तोंच धांवऱ्याच्या विकारानें मृत्यु आला, आणि सप्टेंबर १८७५ मध्यें पॅसिफिक महासागरांत त्यांचा देह विसर्जित करण्यांत आला. निघालेल्या सुमारें दोनशें चाळीस जणांपैकीं जहाजाबरोबर घरीं परतले ते १४४.

या किंमतीच्या बदल्यांत मिळालें काय? २३ मार्च १८७५ रोजीं पॅसिफिकमध्यें, मारियाना बेटांच्या दक्षिणेस, दोर ४,४७५ वांव खालीं गेला; म्हणजे पांच मैलांहून अधिक. तेथील दाबानें उष्णतामापकें फुटून आलीं. त्याच खळग्यांत पुढें सुमारें १०,९०० मीटर खोलीची जागा सांपडली, आणि तिला या जहाजाचेंच नांव मिळालें आहे. नव्या प्राण्यांच्या सुमारें ४,७०० जाती कळून आल्या. एक मोठा भ्रमही दूर झाला. थॉमस हक्स्ली या प्रख्यात शास्त्रज्ञांनीं १८६८ सालीं मद्यार्कांत ठेवलेल्या गाळाच्या नमुन्यांत एक चिकट पदार्थ पाहिला होता आणि तो अत्यंत आदिम सजीव आहे असें मानून त्यास 'बॅथिबियस' नांव दिलें होतें. 'चॅलेंजर'वर ताजा गाळ रोज येई, पण हा जीव त्यांत दिसेना. मद्यार्क घातला कीं मात्र दिसे! बुकॅनन यांनीं दाखवून दिलें कीं, हा जीव नव्हे. मद्यार्कामुळें समुद्राच्या पाण्यांतून साकळणारा तो चुन्याचा एक क्षार आहे. हक्स्ली यांनीं १८७५ सालीं आपलें मत परत घेतलें. हजारों हातांनीं ओढून आणलेल्या गाळाचा हा गुण, कीं तो मोठ्या नांवाची भीड धरीत नाहीं.

आणखी एक चीज वर आली: बटाट्याएवढे काळे, ओबडधोबड गोळे. त्यांत मँगनीज व लोखंड मुख्यतः, आणि थोडें तांबें, निकेल, कोबाल्ट. कधीं मध्यभागीं शार्क माशाचा दांत असे, तर कधीं देवमाशाच्या कानाचें हाड. हे गोळे दहा लाख वर्षांत कांहीं मिलिमीटर इतक्या मंद गतीनें वाढतात. त्या वेळीं ते संग्रहालयांतील कुतूहलाची वस्तु होते. पुढें त्यांचा संबंध आपल्या किनाऱ्याशीं आला. गोव्यांत दोना पावला येथें असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं 'गवेषणी' या जहाजावरून जानेवारी १९८१ मध्यें अशा गोळ्यांचे पहिले भारतीय नमुने वर काढले, आणि हिंदी महासागरांतील एका विस्तीर्ण टापूच्या तपासणीचा हक्क त्यानंतरच्या वर्षांत भारतास मिळाला.

'चॅलेंजर' स्वतः अरबी समुद्रांत आलें नाहीं. परंतु त्याच्या सफरीचें ऋण आपल्या समुद्रावर दुसऱ्या वाटेनें आहे. टॉम्सन १८८२ सालीं वारल्यावर अहवालाचें सर्व ओझें जॉन मरे यांनीं उचललें, प्रसंगीं पदरचा पैसा घातला, आणि १८९५ सालीं पन्नासावा खंड छापून पुरा केला. हिंदी महासागरांतील क्रिस्मस बेटावरील फॉस्फेटच्या खाणींतून त्यांस संपत्ति मिळाली. १९१४ सालीं त्यांच्या मृत्यूनंतर मागें राहिलेल्या पैशांतून १९३३-३४ सालीं 'मबाहिस' या इजिप्तच्या जहाजानें अरबी समुद्राची तपासणी केली, आणि त्या समुद्राच्या मधल्या थरांत प्राणवायु अत्यंत कमी आहे हें दाखविलें. मासेमारीवर जगणाऱ्या किनाऱ्याच्या दृष्टीनें ही गोष्ट लहान नव्हे.

शेवटीं त्या उष्णतामापकांची गोष्ट सांगतों. ज्या कामाचा खलाशांना सर्वांत कंटाळा, त्यांत हें एक होतें. त्यांतून कांहीं विचित्र प्राणी वर येत नसे. येत ते नुसते आंकडे. तीं उष्णतामानें खंडांत छापलीं गेलीं आणि शंभराहून अधिक वर्षें कपाटांत राहिलीं. मग समुद्रांत हजारों स्वयंचलित तरंगते मापक सोडण्यांत आले, ज्यांस 'आर्गो' म्हणतात. ते आपण होऊन खोल बुडतात, वर येतात आणि आंकडे पाठवितात. २०१२ सालीं संशोधकांनीं त्यांचे आंकडे 'चॅलेंजर'च्या ठाण्यांवरील आंकड्यांशेजारीं ठेवून पाहिले. सुमारें १३५ वर्षांत त्या ठिकाणीं समुद्राचा पृष्ठभाग सरासरीनें सुमारें ०·६ अंश सेल्सिअस आणि वरचा सातशें मीटरांचा थर सुमारें एक-तृतीयांश अंश तापला असल्याचें आढळलें. महासागर तापत आहे याचा इतका जुना पुरावा आज आपल्यापाशीं आहे, तो या रोजच्या दोरामुळें. तीं माणसें कंटाळलीं, पण त्यांनीं माप चुकविलें नाहीं. एका ठाण्यावर जसें मोजलें तसेंच शेंकडों ठाण्यांवर मोजलें. म्हणूनच तुलना शक्य झाली.

शाळेंत आम्ही मुलांकडून रोजच्या पावसाची नोंद करवून घेत असूं. पाऊस पडे तेव्हां मापकाभोंवतीं झुंबड असे. कोरड्या दिवशीं वहींत शून्य लिहिण्यास कोणी पुढें येत नसे. 'गुरुजी, पाऊस पडलाच नाहीं, मग लिहावयाचें काय?' असें मुलें विचारीत. त्यांस मी सांगे कीं, बाळांनो, शून्य हेंही माप आहे. तें न लिहिल्यास पडलेल्या पावसाचा हिशेबही उद्यां कोणास लागणार नाहीं. 'चॅलेंजर'च्या नोंदवह्यांत जाळें रिकामें आल्याच्या, दोर तुटल्याच्या, कांहीं न सांपडल्याच्या नोंदीही तितक्याच नीटपणें केलेल्या आहेत. त्या अक्षरांमागें कोणाचे हात होते हें वाचकानें आठवावें, एवढ्यासाठींच हें भाषण.